बिनगोंदाची पानगळ

बालवाडीत धाकटीला नोकरी मिळावी म्हणून मुख्याध्यापिकाबाईंकडे शब्द टाकला होता तो थोरलीनंच. पुढं ही गोष्ट आठवली की दर वेळी तिला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटायची. बाईंनी नुसतं विचारलं होतं, ओळखीत कुणी आहे का, मुलांत रमणारी. गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही. थोरली म्हणाली, आमची धाकटी जाऊ आहे की, घरीच असते, चित्रंही बरी काढते. त्यातलं 'बरी' अगदी तोलूनमापून टाकलेलं होतं. छान म्हणावं तर उद्या डोक्यावर मिरे वाटायची, आणि वाईट म्हणावं तर घ्यायचेच नाहीत.

झालं. धाकटी आली, आणि सुट्टीनंतर नवं वर्ष सुरू झालं तसा तिला मोठा गट मिळाला. मोठ्या गटाचे वर्ग दोन. एक थोरलीचा, वर्षानुवर्षांचा. दुसरा आता धाकटीचा. नेमकी त्याच वर्षी थोरलीची लेक मोठ्या गटात गेली. लेकीचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण जन्मली तीच इतकी गुबगुबीत आणि गप्प, की काकानं तिला ठकी म्हटलं आणि तेच चिकटलं. बालवाडीचा नियम असा की आईनं स्वतःच्या मुलाला शिकवायचं नाही. थोरलीला हा नियम तोंडपाठ होता, कारण मागे एका बाईंना तो तिनंच बजावून सांगितला होता. आता तो तिच्याच पायात आला. ठकी गेली काकूच्या वर्गात.

थोरलीचा आणखी एक नियम होता, तो मात्र तिचा स्वतःचा. बालवाडीच्या फाटकाच्या आत ठकीनं तिला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. बाकीच्या मुलांना वाईट वाटायला नको, आणि शिस्त ती शिस्त. ठकीनं हे इतकं मनावर घेतलं की मधल्या सुट्टीत पडून गुडघा फुटला तरी ती रडत रडत 'बाई' अशीच हाक मारायची. धाकटीनं काय केलं? पहिल्याच दिवशी ठकी तिला बाई म्हणाली तेव्हा ती हसली. अगं, काकूच म्हण की, मी काय इथं येऊन बदलले का, म्हणाली. ठकी काकू म्हणू लागली, तिचं ऐकून शेजारी बसणारी मुलगी म्हणू लागली, आणि बघता बघता सगळा वर्ग, मग पालक, मग फाटकावरचा रखवालदारसुद्धा तिला काकू म्हणायला लागला. थोरलीच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की सांगता सोय नाही. जन्म दिलेली आई झाली बाई, आणि ही कालची आलेली सगळ्या जगाची काकू.

ती नवऱ्याजवळ बोलली. नवरा म्हणाला, मग तूही आई म्हणू दे की, कुणी अडवलंय. नवऱ्यांना काही म्हणता काही कळत नाही, असं ठरवून ती उठून गेली.

आता ऋतूंचं. मोठ्या गटाला ऋतू शिकवायचे, तेही चित्रांतून, ही या बालवाडीची रीत. थोरलीचे ऋतू चार तक्त्यांत मावायचे. पुठ्ठ्याचं एक पान तिनं कधीचं कापून ठेवलेलं होतं. ते कागदावर ठेवायचं, भोवती पेन्सिल फिरवायची, आत रंग भरायचा, रेघेबाहेर जायचं नाही. पालवीला पोपटी, उन्हाळ्यात हिरवा, पानगळीला पिवळा, आणि थंडीत पानच नाही, नुसत्या फांद्या. मुलं घरी गेली की थोरली एकटी वर्गात थांबायची आणि प्रत्येक चित्रावरून हात फिरवायची. बाहेर गेलेला रंग खरवडायची, राहिलेले कोपरे भरायची, वाकडी चिकटवलेली पानं उपटून सरळ लावायची. भिंतीवरचा तक्ता बघून पालक खूश व्हायचे. आपल्या पोराचं पान कुठलं ते मात्र त्यांना ओळखू यायचं नाही, कारण शेवटी सगळीच पानं थोरलीची असायची.

ठकीची चित्रंही ती घरी अशीच सारखी करायची. अलीकडे ठकी चित्र काढून झालं की कागद पालथा घालून वर बसायला लागली होती. का गं, म्हणून थोरलीनं एकदा विचारलं.

"तू नीट करशील," ठकी म्हणाली.

धाकटीला पाठ कसा घ्यायचा हेच ठाऊक नाही, असं थोरलीचं स्पष्ट मत होतं. तिनं ना तक्ता केला ना पुठ्ठा कापला. उठली आणि सगळी वरात घेऊन फाटकाजवळच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. हे आपलं झाड, म्हणाली. वर्षभर याच्यावर लक्ष ठेवायचं, हे काय घालतं आणि काय काढतं. मग प्रत्येकाला खाकी कागदाचा एक मोठा ताव दिला. त्यावर ज्यानं त्यानं आपापलं खोड काढलं, बाटलीतल्या घट्ट तपकिरी रंगानं. कुणाचं झाड जाडजूड, कुणाचं पडायला आलेलं, एकाच्या झाडाला तर चक्क पाय होते. फांद्यांवर हिरव्या कागदाचे चिमटीएवढे तुकडे लावले, नुसते टोकाशी चिकटवून. आठवड्यातून एकदा मुलं बाहेर जाऊन झाड बघून यायची आणि त्यानं जे केलं असेल ते आत येऊन आपल्या झाडाला करायची. बाहेर एक फांदी पिवळी पडली की आतल्या फांदीवरचे हिरवे तुकडे काढायचे आणि बोटानं पिवळे ठिपके उठवायचे. वर्षभर तोच कागद आणि तेच झाड.

हा म्हणे पाठ. थोरली खिडकीतून बघायची आणि पसारा, नुसता पसारा, असं पुटपुटायची. पण तिच्या समोर बसलेली मुलंसुद्धा पुठ्ठ्याचं पान हातात धरून मान वळवून वळवून त्या पसाऱ्याकडे बघत राहायची, आणि तेच तिला डाचायचं. एकानं तर विचारलंच, बाई, आपल्याला झाड नाही का? त्याला तिनं तक्त्यावरचं झाड दाखवलं. त्यानं ते बघितलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

घरी तर विचारूच नका. एरवी तोंडातून शब्द न काढणारी ठकी आता जेवायला बसलं की काकूपुराण लावायची. काकू म्हणते, पान पडायच्या आधी देठाशी सैल होतं. काकू म्हणते, झाड मरत नाही, झोपतं. काकूनं मला उचलून फांदीला हात लावू दिला. हे सगळं मीही शिकवते, माझ्या तक्त्यात आहे, असं थोरलीनं कितीदा तरी सांगून बघितलं. ठकी 'हं' म्हणायची आणि पुन्हा काकू सुरू. थोरलीच्या घशाखाली घास उतरायचा नाही. तिला अगदी उघड दिसत होतं, पोरगी हातची चालली. नोकरी घेतली, नाव घेतलं, आता लेकही घेतेय ही बया. आणि बया तरी अशी साधी, की तिच्याशी धड भांडताही येईना. भांडायला निदान एक वाकडा शब्द तरी मिळावा लागतो. धाकटी येता जाता ताई, ताई करत मागे. ताई, तुमच्यामुळे मला हे दिवस दिसले. ताई, तुमच्यासारखं नेटकं मला कधी जमायचं?

असं असताना पालकभेट आली. झाडांची पानं पिवळी पडली की पालकांना बोलवायचं आणि प्रवेशदाराशी असलेल्या मोठ्या भिंतीवर मुलांचं काम लावायचं, हे ठरलेलं. ती भिंत थोरलीची, हेही ठरलेलं. या वर्षी मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, यंदा भिंत आपण काकूंच्या वर्गाला देऊ या, त्यांची ती झाडं फार गोड आहेत. 'काकूंच्या' म्हणाल्या त्यासुद्धा. थोरली म्हणाली, द्या ना, द्यायलाच हवी, नवीन माणसाला उत्तेजन नको का. इतकी हसली की तिचे गाल दुखून आले.

आणि नेमके त्याच आठवड्यात धाकटीचे बाटल्यांतले रंग संपले. संपणारच, पोरं कोपरापर्यंत हात बुडवत होती. सामानाच्या खोलीत पुडीचे रंग होते, पण त्या खोलीची किल्ली थोरलीच्या कमरेला. धाकटी आली, थोरलीनं कपाट उघडलं, पिवळ्या, नारिंगी, लाल, काळ्या पुडीचे डबे काढून तिच्या हातात दिले. धाकटीनं झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "ताई, हे कालवायचे कसे? मी कधी वापरले नाहीत."

थोरलीला पुडीच्या रंगाचं सगळं माहीत होतं. पूड किती, पाणी किती, आणि मुख्य म्हणजे गोंद किती. गोंद नसला तरी ओला असेपर्यंत रंग झकास दिसतो. वाळला की जुन्या भिंतीच्या चुन्यासारखे त्याचे पोपडे निघतात आणि वाऱ्याच्या झुळकेनं खाली येतात. गोंदाचा डबा तिच्या कोपराशीच होता.

"पाणी घालायचं," ती म्हणाली, "आणि सायीइतकं दाट होईपर्यंत ढवळायचं."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

तसं बघितलं तर यात खोटं काही नव्हतं. पाणी घालायचंच असतं आणि ढवळायचंही असतं. राहिलेला एक शब्द तेवढा तिनं तोंडातच ठेवला, आणि कपाट लावताना डबा हातानं मागे सरकवला. धाकटी डबे पोटाशी धरून आभार मानत निघून गेली. तिचं ते आभार मानणंही थोरलीला खुपलं.

आता थोरली काही राक्षसीण नव्हती. त्या दिवसापासून तिच्या मनाला चैन म्हणून पडेना. शेजारच्या वर्गातून मुलांचा कलकलाट यायचा, माझं पान बघ, माझं पान बघ. शेवटी पोरांचा काय दोष, असं तिला वाटायचं. लगेच धाकटीचा आवाज कानावर यायचा, मुलं खिदळायची, की दोष राहिला बाजूला आणि पुन्हा जळफळाट. असं तिचं आतल्या आत चाललं होतं.

पालकभेटीच्या आदल्या दुपारी मुलं घरी गेली आणि तिला राहवेना. अजून वेळ होता. वाळलेल्या रंगावर पातळ गोंदाचं पाणी हलक्या हातानं फवारलं की रंग धरतो, हेही तिला ठाऊक होतं. तिनं फवाऱ्याच्या बाटलीत गोंदाचं पाणी केलं आणि धाकटीच्या वर्गात गेली. धाकटी भिंतीवर दोऱ्या बांधायला गेली होती. वर्गात कुणी नव्हतं. बाकं कडेला सारलेली आणि सगळ्या जमिनीवर झाडंच झाडं, वाळत घातलेली. थोरली दारातच थांबली. पिवळं, नारिंगी, मधेच एखादं हट्टानं हिरवं राहिलेलं पान. एक रेघ सरळ नव्हती, आणि तरी फाटकाजवळचं झाड तिथं प्रत्येक कागदावर उभं होतं. चांगलं झालं होतं. फार चांगलं झालं होतं, आणि ते कबूल करताना तिच्या तोंडाला कडवट चव आली. तरीही तिनं पदर खोचला आणि पहिल्या कागदापाशी वाकली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की प्रत्येक झाडाखाली कुणीतरी आहे. पानं पडताना तुम्हाला झाडाखाली कोण हवं, असं धाकटीनं विचारलं असणार. कुणी आजोबा काढले होते, कुणी कुत्रा, कुणी नुसता चेंडू. थोरलीचा हात थांबला. ती पहिला कागद सोडून ठकीचा शोधू लागली.

ठकीचं झाड खिडकीखाली होतं. सगळी पानं एकाच बाजूला, दुसरी बाजू बोडकी. खाली मेणखडूनं काढलेली एक बुटकी, गोल मुलगी लाल झग्यात. तिच्या शेजारी पुडीच्या रंगानं काढलेली एक उंच बाई, मुलीचा हात धरलेली. चेहरा नव्हता. पण डोक्यापासून घोट्यापर्यंत काळेभोर केस होते, इतके लांब की जवळजवळ जमिनीला टेकलेले.

थोरलीचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यामागे गेला. तिथं रोजचा घट्ट अंबाडा होता, पिनांनी करकचून बसवलेला. लांब केस मिरवणारी घरात एकच, धाकटी. तिची वेणी बालवाडीतली पोरं दोरी म्हणून ओढायची. सख्खी आई भिंतीपलीकडच्या वर्गात घसा कोरडा करतेय, आणि पोरीला झाडाखाली कोण हवी, तर काकू. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं की कशाचं, ते तिनं बघितलं नाही.

"पडू दे," ती मोठ्यानं म्हणाली. ती मोरीपाशी गेली, बाटलीतलं पाणी ओतून दिलं, बाटली विसळून जागेवर ठेवली आणि घरी गेली.

सकाळी झाडं भिंतीवर लागली होती. पालक यायला लागले तसं मोठं दार उघडायचं, मिटायचं, आणि दर वेळी बाहेरचा वारा आत शिरायचा. थोरली समोरच्या भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी राहिली. आधी एक पिवळा पोपडा खाली आला. कुणाचं लक्ष गेलं नाही. मग दोनचार नारिंगी. मग कुणीतरी दार जरा जोरात लोटलं आणि भिंतीवरून रंगाची एक अख्खी सर खाली उतरली.

सगळ्यांच्या माना वळल्या. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं खाली वाकून एक पोपडा तळहातावर घेतला आणि बोटानं चुरडला, त्याची पूड झाली. थोरलीनं मनात म्हटलं, घे आता. म्हणवून घे अजून काकू.

तेवढ्यात पायांच्या झाडाचा मालक पुढं आला, आपल्या चित्राखाली उभा राहिला, वर बघितलं, खाली बघितलं, आणि शांतपणे जाहीर केलं की माझ्या झाडाची पानं गळाली. दुसरी म्हणाली, माझी पण. एकजण खिडकीशी पळाला आणि ओरडून सांगायला लागला की बाहेरच्याचीही गळतायत. मग काय विचारता. सगळी पोरं भिंतीखाली बसली, कुणी रंग गोळा करतंय, कुणी फुंकर मारून अजून पाडतंय, कुणी बापाला हाताला धरून आणतंय, माझं बघा, आता माझं झाड झोपणार. एखादा हिरवा तुकडा, एखादा जुना ठिपका सोडला तर भिंतीवर खाकी कागदांवर नुसती तपकिरी खोडं आणि उघड्या फांद्या उरल्या. पालक खाली वाकून बघायला लागले. एक बाप तर पोरांबरोबर मांडी घालूनच बसला.

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून पुसला. इतकी वर्षं आपण पानगळ शिकवतोय, म्हणाल्या, पण खरोखर गळणारी पानं मी आजच बघितली. ही युक्ती कुणाची?

धाकटीनं इकडेतिकडे बघितलं. तिची नजर थोरलीवर येऊन थांबली, आणि तिचा चेहरा असा उजळला की थोरलीला पळून जावंसं वाटलं.

"ताईंची," ती म्हणाली. "रंग कसा कालवायचा ते त्यांनीच सांगितलं. पानं गळणार हे मला माहीतसुद्धा नव्हतं. बघा ना, मलाही सांगितलं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्षानुवर्षं सरळ रेषेत पानं चिकटवली तेव्हा कुणी टाळी वाजवली नव्हती, आणि आज वाजली ती या कामाला. थोरलीला हसावं लागलं. आत नुसता वणवा. म्हणजे एवढं करूनही जिंकली धाकटीच, आणि वर मोठ्या मनानं बक्षीस माझ्या ओटीत टाकून मोकळी. पण मग एक विचार आला आणि तिनं मान उंच केली. ठकीनं हे ऐकलं असेल. काकूनं सगळ्यांसमोर आईचं नाव घेतलं, ते ठकीनं नक्की ऐकलं असेल. तिनं घाईघाईनं लेकीला शोधलं.

ठकी त्या गर्दीत नव्हती. भिंतीच्या पार टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून, आपल्या चित्राखाली उकिडवी बसली होती. वर तिच्या झाडाची एकूण एक पानं गेली होती. मेणखडूची लाल झग्यातली मुलगी होती तशीच होती, एक हात बाजूला पसरून. त्या हाताच्या पुढं कागद कोरा होता. ठकी जमिनीवरच्या रंगातून फक्त काळे पोपडे निवडत होती आणि मुठीत ठेवत होती. पिवळ्याला हातही लावत नव्हती.

थोरली शेजारी वाकली. काय झालं, म्हणाली. ठकीनं आधी आजूबाजूला बघितलं, कारण नियम तो नियम. मग हळूच म्हणाली, "बाई, पानं पडली ती चालतील. पण माझी आई पण पडली."

थोरलीनं त्या कोऱ्या जागेकडे बघितलं.

"ती काकू होती ना गं? लांब केसांची?"

ठकीनं नाही म्हणून मान हलवली. किती साधी गोष्ट या बाईंना समजत नाही, असा चेहरा केला. "काकूची वेणी असते. आई झोपताना केस सोडते ना, तेव्हा मोठे होतात. ती घरची आई."

मूठ उघडून तिनं काळा चुरा दाखवला. घामानं तो तिच्या तळव्याला लागला होता. थोरलीनं तो हात स्वतःच्या हातात घेतला. टाळ्या वाजवणारी मंडळी अजून मागे हसत होती, कुणीतरी तिला हाक मारत होतं, बाई, फोटोला या. ती गेली नाही.

पालक गेल्यावर तिनं ठकीचा कागद भिंतीवरून उतरवला आणि आपल्या वर्गात आणला. सामानाच्या खोलीत जाऊन काळ्या पुडीचा दुसरा डबा घेतला. मग कपाटात पार आत हात घालून गोंदाचा डबा काढला. वर्गात परत येऊन जमिनीवर बसून तिनं वाटीत पूड घेतली, पाणी घातलं, गोंद घातला, सायीइतकं दाट होईपर्यंत ढवळलं आणि ब्रश ठकीच्या हातात दिला. ठकी पोटावर आडवी होऊन काढायला लागली. या वेळी आई पहिल्यापेक्षाही वाकडी झाली. एक खांदा वर गेला, केस एका बाजूला कागदाबाहेर निघाले. थोरलीची बोटं शिवशिवली. तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

दारात सावली पडली. धाकटी होती, एका हातात केरसुणी, दुसऱ्यात रंगीत पुडीनं भरलेली केरभरणी.

"आता नाही ना पडणार?" ठकीनं ब्रश न थांबवता विचारलं.

"नाही. गोंद घातलाय."

"मग आधी का नाही घातला?"

थोरलीच्या जिभेवर उत्तरं तयार होती. काकू विसरली, म्हणता आलं असतं. मी विसरले, म्हणता आलं असतं. दोन्हीवर ठकीनं विश्वास ठेवला असता. तिनं वर बघितलं तर धाकटीही तेच उत्तर ऐकायला थांबलेली, केरभरणी तशीच हातात.

"मी काकूला सांगितलंच नाही," ती म्हणाली.

"विसरलीस?" ठकीनं विचारलं.

"नाही."

केरभरणी कलंडली आणि थोडी पिवळी पूड उंबऱ्यावर सांडली. धाकटीनं ती पायानं उंबऱ्याबाहेर सारली. बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"ताई, मी सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं."

"ऐकलं मी," थोरली म्हणाली. धाकटीला निघून जाता आलं असतं, आणि जायलाच निघाली होती ती. ठकीला यातलं काही कळलं नाही, किंवा कळलं असेल तर तिनं ते पालथं घालून वर बसून घेतलं असेल. तिनं चित्रातल्या आईचा दुसरा हात काढला, तो लांब करत करत कागदाच्या कडेपर्यंत नेला आणि त्याच्या टोकाशी बोट ठेवलं. इथं काकू येणार, म्हणाली. वेणीवाली. पण काकूनं स्वतःची वेणी स्वतः काढायची, मला वेणी जमत नाही.

धाकटी दारातच उभी होती. थोरलीला पुन्हा ती जुनी असूया डाचली. अजून आतच होती मेली, कुठं म्हणून गेली नव्हती.

"आई," ठकी म्हणाली, फाटकाच्या आत, भर वर्गात, "गोंदाचा डबा दे ना काकूला."

थोरलीनं गोंदाचा डबा उचलला. त्याचं झाकण काढलं आणि तो जमिनीवरून धाकटीच्या बाजूला सरकवला.